काळा गोळा आणि लालसूचे पाव्हणे

कुंता भानारकर ऊन मोजते, हे कोसमटोल्यात कळले तेव्हा लोकांनी तिच्या बापाला तळ्यावरच गाठले.

"इस्तारीभाऊ, पोरगी नागपूरले शिकाले गेली होती नं? मंग हे काय करून राह्यली?"

इस्तारी गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळे झटकत होता. मान वर न करता म्हणाला, "सरकारनं सांगतलं ते मोजते. उद्या सरकार म्हणन चिखल मोज, तं चिखल मोजन. तुमचं काय जाते?"

लोकांचे जात काहीच नव्हते. पण चंद्रपूरकडच्या माणसाला उन्हाचा भारी अभिमान. पेपरात आपल्या जिल्ह्याचा पारा सगळ्यात वर छापून आला की चहाच्या टपरीवर असे चेहरे फुलतात, जणू स्वतःचा पोरगा बोर्डात पहिला आला. त्या उन्हाला मोजायला कोणी शिकलेली बाई लागते, हे ऐकून त्यांना घरच्या गोष्टीत परक्याने नाक खुपसल्यासारखे वाटले. बाई परकी नव्हती, गावच्याच धिवराची होती, तरीही.

कुंताला हा नाद लागला तो तालुक्याच्या वसतिगृहात. तिथे डोक्यावर टिनाचे पत्रे होते. एप्रिलात परीक्षा असायच्या आणि मुली ओली चादर अंगावर घेऊन खाटेखाली अभ्यास करायच्या, कारण खाटेवरून पत्रा जास्त जवळ. भूगोलाच्या पेपराला कुंता भोवळ येऊन पडली. शुद्धीवर आली तेव्हा बाकीच्या मुलींना अधीक्षकबाई सांगत होत्या, "अभ्यासाचा ताण आला तिला." तेव्हापासून ताण हा शब्द ऐकला की तिचे डोके फिरायचे. पुढे ज्या विषयात संशोधन केले त्याचे नावच 'उष्णतेचा ताण' निघाले. नशिबाची थट्टा, दुसरे काय.

हवा किती तापली हे साध्या थर्मामीटरवर कळते. छप्पर आणि भिंती माणसाच्या अंगावर किती आग ओकतात, ते कळायला तांब्याचा पोकळ काळा गोळा लागतो, आत थर्मामीटर खुपसलेला. नागपूरच्या विद्यापीठात त्या गोळ्यासाठी केलेला अर्ज दोन उन्हाळे कोणाच्या तरी टेबलावर थंड पडून होता. शेवटी कुंता चंद्रपूरच्या गोल बाजारात गेली आणि तिने संडासाच्या टाकीत तरंगतो तो तांब्याचा गोळा मागितला. एक नाही, सहा.

दुकानदार म्हणाला, "बाई, किती संडास बांधता?"

"घरी मोठं कुटुंब आहे," कुंता म्हणाली. काळा रंगही त्याच दुकानातून घेतला. तिच्या पुढच्या साऱ्या नावलौकिकाचा पाया हा असा होता, आणि तिने तो कधी कोणाला आपणहून सांगितला नाही.

१९९८ साली हेमलकशाच्या वाटेने आत एका जंगलगावात मुलींचे वसतिगृह बांधायचे ठरले. साठ मुली राहणार होत्या, आणि छप्पर कसे असावे हे सांगायला सरकारने कुंताला बोलावले होते. बांधकामाचे साहेब गुणवंतराव स्लॅब टाकायचा म्हणत होते. गुणवंतराव अंगाने भरलेले, स्वभावाने वाईट नव्हते. उन्हाळाभर सफारीच्या खिशात कांदा ठेवत आणि विज्ञानावर बोलत.

"बाई, स्लॅब शंभर वर्षं टिकते."

"पोरीबी टिकल्या पाहिजेत नं साहेब."

या एका वाक्यावरून भांडण लागले आणि बरेच महिने चालले. शेवटी ठरले असे, की गावात शेजारी शेजारी दोन नमुन्याच्या खोल्या बांधायच्या. एक साहेबांची, स्लॅबची. दुसरी कुंताची: जाड मातीच्या भिंती, वर मातीने लिंपलेले बांबूचे तट्टे, मग हातभर मोकळी जागा, त्यावर कवेलू, म्हणजे कौले, आणि आढ्याखाली झरोके. मे महिन्यात साहेब स्वतः येऊन दोन्हींतले गोळे वाचतील. ज्याची खोली थंड, त्याचे छप्पर वसतिगृहावर. फाइल तिथेच लिहायची, कारण पावसाआधी पाया खोदायचा होता.

कुंता महिनाभर आधी येऊन लालसूच्या घरी राहिली. लालसू गावातला मोठा माणूस. तिच्या खोलीच्या भिंती गावानेच उचलल्या होत्या. तिने त्याला बजावले, "भाऊ, ही खोली एकदम रिकामी पाहिजे. कोणी आत जायचं नाही."

लालसूने शब्द पाळला. शेळी फिरकू दिली नाही. पोरे खेळायला शिरली तर काठी घेऊन धावला. रोज दुपारी कुंता गोळा वाचून यायची आणि गालातल्या गालात हसायची. स्लॅबची खोली पार मागे पडली होती.

ठरलेल्या दिवशी सकाळी ती साहेबांना आणायला नाल्यापर्यंत गेली, कारण जीप पुढे येत नव्हती. साहेब डोक्याला शेला गुंडाळून, कांदा चाचपत, दर झाडाखाली थांबत आले. गाव जवळ आले तसा ढोल ऐकू यायला लागला.

"स्वागत का?" साहेब खूश झाले.

ढोल कुंताच्या खोलीतून येत होता. आत माणसे दाटीवाटीने भरली होती. म्हाताऱ्या भिंतीला टेकलेल्या, पोरे मांडीवर, कोपऱ्यात बिड्यांचा धूर, मोहाच्या दारूचा घमघमाट, आणि मध्ये हळद लावलेली नवरी घामाने पिवळी ओघळत बसलेली. आढ्याला टांगलेल्या काळ्या गोळ्याला कोणीतरी हळदीचा दोरा आणि आंब्याची पाने बांधून टाकली होती.

लालसूच्या पोराचे लग्न त्या दिवशी आहे, हे कुंताला माहीत होते. वऱ्हाड मुलीकडून मुलाच्या गावी येते, ही त्यांची रीतही माहीत होती. ते उतरेल कुठे, एवढेच तिने विचारले नव्हते.

"लालसूभाऊ, हे काय केलं?"

"काय केलं? पाव्हणे ठेवले. मांडवात बसवले होते, तं नवरीची माय, आमची सोयीरबाई म्हणे, पोरगी वापस नेतो, इथी आमी भाजून राह्यलो."

"खोली रिकामी ठेवा म्हटलं होतं नं मी!"

"ठेवली नं बाई! महिनाभर कोणाले पाय ठेवू देल्ला नाई." लालसूला तिच्या रागाचा अर्थच लागेना. "एवढी चांगली जागा माणूस रिकामी काऊन ठेवते? पाव्हण्यासाठीच नं? मी तं घरी म्हटलं, बाईले आपल्या लग्नाची किती काळजी हाये."

गुणवंतरावांनी तेवढ्यात दोन्ही गोळे वाचले होते. ते बाहेर आले ते लग्न आपल्याच घरचे असल्यासारखे. "बाई, तुमची खोली माझ्यापेक्षा तीन डिग्रीनं गरम! काय म्हणता?" मग कुंताचे तोंड पाहून त्यांनाच दया आली. "असू द्या. हाकला यांना. तासभर बसू, रिकामी झाली की परत वाचू. तेवढा काही मी वाईट नाही."

कुंताने हो म्हणायला तोंड उघडले होते. रिकामी खोली ती डोळे मिटून जिंकली असती.

पण डोळे उघडे होते. एक पोरगी आईच्या पदराचे टोक मडक्यात बुचकळून डोक्यावर घेत होती. वसतिगृहात ओल्या चादरीत शिरणाऱ्या मुलींच्या तोंडावर जो लालबुंद सुजटपणा असायचा, तोच हिच्या तोंडावर होता. इतकी वर्षे ती रिकाम्या खोल्या मोजत आली होती. अशाच छपराखाली साठ पोरी निजणार होत्या, आणि त्या काही श्वास गावी ठेवून येणार नव्हत्या.

"नाही साहेब," ती म्हणाली. "वाचलं तेच लिहा. माझी खोली गरम आहे. पण आता तुमचीबी भरा."

साहेबांना यात काहीतरी डाव वाटला, पण नाही म्हणायला कारण सापडेना. लालसूने अर्ध्या वऱ्हाडाला हात जोडले, "चला, तिकडची खोली पक्की हाये, सिमिटची." कोणी हलेना. मग त्याने ढोलवाल्या डोमाला पुढे घातले. ढोल गेला तशी माणसे मागे गेली. कुंताने घड्याळ पाहिले नाही, पण एक गाणे पुरे झाले नसेल, तोच डोमा ढोल घेऊन बाहेर आला.

"काऊन रे?" लालसूने विचारले.

"ढोल तापवाले आमी इस्तो पेटवतो," डोमा म्हणाला. "इथी तं चामडं आपोआप तडतडून राह्यलं. फुटन. मले दुसरा कोण देईन? साहेब देते काय?"

त्याच्या मागोमाग सगळे परतले. स्लॅबखाली एक झिंगलेला म्हातारा आणि गुणवंतराव एवढेच उरले. गुणवंतराव तत्त्वासाठी बसले होते. म्हातारा उठून गेला तेव्हाही बसले.

इकडे कुंता पदर खोचून, शिडी लावून भर दुपारी छपरावर चढली. झरोके लहान पडले होते, चूक तिचीच होती. आढ्यालगतचे कवेलू हातांना चटके देत होते. तोंडाने शिव्या घालत ती एकेक काढून खाली लालसूकडे देत गेली. जागा मोकळी झाली तसा आतून गरम वाफारा तिच्या तोंडावर आला, बिड्या आणि मोहासकट.

खाली सोयीरबाई वर बघत म्हणाली, "लग्नात छप्पर उस्तरतेत? हे कोणती रीत?"

"नागपूरची," लालसू म्हणाला.

आतली कुजबुज हळूहळू मोठी झाली, मग हसणे ऐकू आले, मग ढोल. कुंता खाली उतरली तेव्हा तिला धड दिसत नव्हते. तिने गोळा वाचला, पुन्हा वाचला. पारा स्लॅबच्या खोलीतल्या आकड्याच्याही खाली उतरला होता, आणि खोलीतले माणूस एकही कमी झाले नव्हते. उलट एक वाढले होते. नवरीचा मामा आणि डोमा यांच्यामध्ये भिंतीला टेकून गुणवंतराव बसले होते, हातात आंबिलाचा द्रोण.

"मी जरा गोळा बघायला आलो होतो," ते म्हणाले.

"बघितला?"

"बघतो नं. बसू द्या थोडं."

उन्हे कलेपर्यंत ते बसूनच होते. उठताना त्यांनी फाइल मागितली. कवेलूचे दुहेरी छप्पर, झरोके बाईंनी सांगितल्याप्रमाणे मोठे, असे लिहिले. सही केली आणि खिशातला कांदा सोयीरबाईच्या हातावर ठेवला, आहेर म्हणून.

पुढे कुंताचे नाव झाले. कोळसा खाणीच्या कॉलनीत, भद्रावतीकडच्या शाळांत, कुठेकुठे तिला बोलावू लागले. कुठेही गेली तरी ती आधी खोली भरायला लावायची. माणसे नसतील तर वाट पाहायची. एकदा एका अधिकाऱ्याने चिडून विचारले, "मॅडम, मोजमाप होणार कधी?" ती म्हणाली, "तुमच्याकडे लग्न केव्हा आहे ते सांगा."

वसतिगृहाच्या छपरावरून काही उन्हाळे गेल्यावर ती तिथे गेली होती, परीक्षेच्या दिवसांत. मुली जमिनीवर पसरून पाठांतर करत होत्या. चादरी कोरड्या, घड्या घालून ठेवलेल्या. नमुन्याच्या खोलीतला तिचा काळा गोळा इथे आढ्याला आणून टांगला होता, हळदीचा दोरा मात्र नवीन होता. पेपराला निघालेली प्रत्येक पोर दारात थबकायची, वर पाहून हात जोडायची आणि पळायची.

"हे कोणी शिकवलं यांना?" कुंताने लालसूला विचारले.

"कोणीच नाई. पण तो वर आला तवापासून कोणी पोरगी पडली नाई. काऊन, खोटं हाये काय? कुठून आणला होता तू तो?"

कुंता गोळ्याकडे बघत राहिली. गोल बाजारातला तो दुकानदार तिच्या डोळ्यांपुढे आला.

"दुरून," ती म्हणाली, आणि दारातून जाताना तिनेही हात जोडले.