पॅकेजमधलं लाकूड

दादा आणि मी वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्रूझवर जाऊन आलो. दोन्ही जहाजांनी वाटेत बंदरावर उतरवून तिथलं वर्षावन दाखवलं. गावी आल्यापासून दादाचं एकच पालुपद, त्याचीच सहल भारी. "तुला नुसतं पावसात चालवलं. आमाला झाडांवरनं दोरीनं नेलं, जेवण दिलं, वर आठवण म्हणून जंगलातलं लाकूड!" ते त्याने टीव्हीशेजारी मांडलंही.

माझं डोकंच फिरलं. आमच्या आंबेगावच्या डोंगरातल्या देवराईतून कुणी वाळकी काटकीसुद्धा आणत नाही. चुकून आलीच, तर ज्याची त्याने परत नेऊन ठेवायची. त्याच गावात वाढलेला हा माणूस!

आईने लाकूड हातात घेतलं. "कुठल्या राईतलं रं?"

"राई न्हाई गं, रेनफॉरेस्ट."

"देवाला इचारलं व्हतं का?"

"पॅकेजमधीच व्हतं," म्हणून दादा हसला.

आई हसली नाही. लाकूड त्याच्या हातात देत म्हणाली, "मग ठिवून ये जागंवर."

मी ओरडलोच, "आता शोध की! परत नेऊन ठेवायची सहल कुठल्या कंपनीची भारी हाय ते!"