बत्तीस अंशांचं दही

माझा धाकटा भाऊ आमोद फार शहाणा आहे. हे माझं मत नाही, त्याचं आहे. विमा कंपनीत नोकरी, कर्वेनगरात आमच्याच सोसायटीत समोरच्या इमारतीत फ्लॅट, बायको नीरजा शाळेत शिक्षिका, आणि मागच्या खोलीत सहा साप. साप परदेशी, बिनविषारी, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेले. लहानपणी न्हाणीघरात झुरळ दिसलं तरी हा मला हाका मारायचा. आता पाहुण्यांच्या गळ्यात साप घालतो आणि त्यांचे घाबरलेले चेहरे बघून खूश होतो.

सापांसाठी लोखंडी रॅक आहे. औषधाच्या दुकानात असतात तसे एकाखाली एक खण, एका खणात एक साप. साप आपली ऊब आपण तयार करू शकत नाही, म्हणून प्रत्येक खणामागे तापणारी पट्टी. सगळ्या पट्ट्यांवर हुकूम एका थर्मोस्टॅटचा. त्याची एक तार मधल्या रिकाम्या खणात सोडलेली. तारेच्या टोकाला गार लागलं की पट्ट्या सुरू, ऊब लागली की बंद. आमोदने आकडा लावलेला बत्तीसचा. ही सगळी माहिती मी मागितली नव्हती. त्याच्याकडे चहाला गेलं की ती मिळतेच.

"तार सापाच्या खणात का नाही रे ठेवत?" असं मी एकदा विचारण्याचा मूर्खपणा केला.

"साप ती ओढतात, ताई. सगळ्या पट्ट्या सारख्याच तापतात. एका ठिकाणी मोजलं की सगळीकडचं कळतं. थोडं डोकं वापरायचं असतं."

यंदा डिसेंबरात पुण्यात चांगलीच थंडी पडली आणि नीरजाचं दही लागेना. झालं. आमोदला अक्कल पाजळायला नवं क्षेत्र मिळालं. संध्याकाळी कोमट दूध विरजून, चिनी मातीचा सट टॉवेलात गुंडाळून तो त्या रिकाम्या खणात ठेवू लागला. सकाळी दही घट्ट. त्यानंतर आख्ख्या सोसायटीला वाट्या पोहोचल्या. दह्याबरोबर भाषणही यायचं: आपल्या बायका अंदाजाने विरजण लावतात, तापमान हा मोजण्याचा विषय आहे, वगैरे. दही खरंच छान होतं, हा आणखी एक ताप.

महिना संपत आला तशी गोजिरी आजारी पडली. गोजिरी म्हणजे त्याची सगळ्यांत लाडकी अजगरीण, दंडाएवढी जाड, अंगावर मधाच्या रंगाचे डाग. तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागली, नाकपुडीवर बुडबुडे यायचे. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाला थंडी बाधली आहे, ऊब तपासा, नाहीतर हातची जाईल. आमोद त्यांच्यावरच उखडला. त्याच्या रॅकमध्ये थंडी? रात्री झोपण्याआधी बघावं तर थर्मोस्टॅटवर आकडा चौतीस, कधी पस्तीस! कमी तर नाही ना? आणि पट्ट्यांचा दिवा बंद, म्हणजे ऊब भरपूर.

मग गुन्हेगार शोधायला हवा. घरात दुसरं माणूस एकच होतं. नीरजाच्या उदबत्तीचा धूर बंद झाला. मग फोडणी बंद झाली, तीन आठवडे दोघं उकडलेलं गिळत होती. तिने खिडकी उघडली की हा मागून येऊन बंद करायचा. "तुझ्यामुळे जाणार आहे ती," असं तो माझ्यासमोर तिला म्हणाला. एकदा तिने गोजिरीच्या खणाला हात लावून सांगितलं होतं, "आमोद, हा गार लागतोय." त्यावर या विद्वानाचं उत्तर: "तुझा हात गरम आहे, म्हणून."

एका रविवारी संध्याकाळी साप पाळणारी मंडळी गोजिरीला बघायला आली. मीही होते. आजारी सापासमोर उभं राहूनसुद्धा याला दह्याची फुशारकी सुचलीच. दोन-तीन तासांपूर्वी ठेवलेला सट त्याने रिकाम्या खणातून उचलून दाखवला. त्याबरोबर थर्मोस्टॅटवरचा आकडा घसरू लागला. पस्तीस, तीस, सव्वीस, बावीस. टक् आवाज झाला आणि पट्ट्यांचा दिवा लागला.

त्या मंडळींत तनया नावाची कॉलेजातली मुलगी होती. तिने वाकून पाहिलं. "काका, तार सटाखाली होती. म्हणजे रोज रात्री हे मशीन तुमच्या दह्याचं टेम्परेचर मोजत होतं. दही गरम, म्हणून हीटिंग बंद. सगळे स्नेक्स गारठले असणार." तिने गोजिरीच्या खणात हात घातला. "हा तर फरशीसारखा गार आहे!"

कुणी हसलं नाही. आमोदने हातातला सट खाली ठेवला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि नीरजाकडे वळून म्हणाला, "अगं, मग तू सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं," नीरजा म्हणाली. "माझा हात गरम होता."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गोजिरी समोर धापा टाकत होती, म्हणून वाजवल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी तार नीट बसवली गेली. इंजेक्शनं सुरू होतीच. बाकीचे पाच वाचले. गोजिरीला उशीर झाला होता, गुरुवारी दुपारी ती गेली. नीरजाने फोन केला म्हणून मी गेले, आणि खरं सांगायचं तर चार शब्द सुनवायचे ठरवूनच गेले. आमोद जमिनीवर बसला होता. साप मांडीवर घेतला होता आणि तो लहान मुलासारखा रडत होता. मला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "माझंच चुकलं गं."

हे वाक्य त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते त्याने सापाला सांगितलं. नीरजा शेजारीच उभी होती.