बोल्ट भाजणारी रिस्ताना

रिस्ताना नौमोव्स्का बोल्ट भाजायची. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंबलात कुणी विचारलं, "तेता, तू काम तरी काय करतेस गं?" की ती एवढंच सांगायची, आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघून पोट धरून हसायची. वयाने लहान असलेले सगळेच तिला तेता म्हणत, म्हणजे मावशी.

ब्लागोयाशी लग्न करून ती मॅसेडोनियातल्या बितोलाजवळच्या खेड्यातून इथे आली, तेव्हा एकवीस वर्षांची होती. ब्लागोया पोलादाच्या कारखान्यात झोतभट्टीवर होता. मुलं शाळेत जायला लागल्यावर तीही डेस हॅनरहानच्या शेडमध्ये कामाला लागली. तिथे धातूवर मुलामा द्यायचं काम चाले. बोल्ट, कड्या, साखळ्या यायच्या, ॲसिडात धुतल्या जायच्या, मग जस्ताच्या हौदात वीज सोडली की चांदीसारख्या लखलखत वर यायच्या. शेवटची भट्टी रिस्तानाकडे. साध्या बोल्टांना भट्टीची गरज नसे. पण कडक पोलादाचे बोल्ट हौदातून निघाल्यापासून चार तासांच्या आत भट्टीत गेलेच पाहिजेत, आणि मग अख्खा दिवस दोनशे अंशांवर राहिले पाहिजेत, असा नियम होता.

"का?" तिने पहिल्याच दिवशी डेसला विचारलं.

"पुस्तकात लिहिलंय म्हणून," डेस म्हणाला. माणूस मनाने चांगला, पण सदा घाईत.

तेवढ्या उत्तरावर गप्प बसणारी ती नव्हती. आठवड्यातून एकदा हौदांची तपासणी करायला मिस क्रॉफर्ड नावाच्या रसायनवाल्या बाई येत. रिस्तानाने त्यांना कॉफी दिली आणि समोरच स्टूल ओढून बसली. बाईंना बरं वाटलं असावं; इतक्या वर्षांत तिथे कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं.

"ॲसिडात बुडबुडे येतात ते बघितलेस ना? तो हायड्रोजन," बाई म्हणाल्या. "बराचसा वर उडून जातो. थोडा मात्र पोलादात शिरतो. त्याच्याइतकं बारीक दुसरं काही नाही, त्यामुळे त्याला कुणी अडवू शकत नाही."

"आत जाऊन करतो काय?"

"आधी काहीच नाही. बोल्ट छान दिसतो, मोजमापात बसतो. मग तो आवळला, त्याच्यावर ताण आला, की जिथे ताण जास्त तिथे हा गोळा होतो. आणि एका दिवसाने, दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी बोल्ट काचेसारखा तुटतो. वाकत नाही, आधी इशारा देत नाही. पोलाद जितकं कडक, तितका धोका मोठा."

"आणि भाजलं की?"

"ऊब मिळाली की निघून जातो. पण लवकर. उशीर झाला तर काही सांगता येत नाही."

"आमच्या घरच्या पाहुण्यांसारखंच की," रिस्ताना म्हणाली. "वेळेवर उठवलं नाही तर मुक्कामच ठोकतात."

मिस क्रॉफर्डना हसताना शेडमधल्या लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

अशी चौदा वर्षं गेली. एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली मॅसेडोनियन मंडळींनी स्वतःचं सभागृह बांधायला काढलं. बांधकाम समितीचा अध्यक्ष कोण, तर ब्लागोया. भिंती उभ्या राहिल्या, छताचा भार पेलणाऱ्या पोलादी कैच्या येऊन पडल्या. कैच्या जोडायला सगळ्यात कडक जातीचे बोल्ट हवे होते, आणि त्यांच्यावर मुलामा द्यायचं काम डेसने खुशीने घेतलं. ब्लागोयाची पुतणी ल्युप्का हिचं लग्न ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी ठरलं होतं. ते नव्या सभागृहातच व्हायचं, हे ब्लागोयाने भर चर्चच्या अंगणात सांगून टाकलं होतं.

बोल्ट हौदातून निघाले त्या शुक्रवारी रिस्ताना रजेवर होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. सोमवारी ती आली तर बोल्ट खोक्यांत भरून दारापाशी ठेवलेले.

"भट्टीतून कधी काढले?" तिने विचारलं.

"आत्ताच, सकाळी," डेस म्हणाला.

"आणि घातले कधी?"

डेसने कान खाजवला. "त्याचं असं झालं, शुक्रवारी भट्टीत दुसरा माल होता. मग शनिवार, रविवार... आज पहाटे घातले. दोन तास तरी झाले असतील."

"दोन तास? तीन दिवसांनी?"

"अगं रिस्ता, बघ तरी किती सुंदर दिसतायत!"

"दिसणारच. दिसण्यात कधी खोट नसते त्यांच्या."

तिने खोक्यांवर लाल चिठ्ठ्या लावल्या आणि घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. ब्लागोया जेवत होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"क्रेन शनिवारी येतेय, रिस्ताना. सगळ्या गावाला शब्द दिलाय मी."

"छत डोक्यावर आलं तर कुणाला दिलेला शब्द पाळणार आहेस?"

"माझी हयात पोलादात गेली. असले बोल्ट वाकवून बघितलेत मी, हातोडा मारून बघितलेत. काही झालं नाही."

"तू पोलाद ओततोस. ते झाल्यावर त्याच्या पोटात काय शिरतं, ते मी बघते."

"चौदा वर्षं बोल्ट भाजून बायको प्रोफेसर झाली!"

"अर्ध्या तासात प्रोफेसर झाले होते. बाकीची वर्षं तुझी वाट बघतेय."

शेवटी तडजोड झाली. क्रेनला आठवडाभर थांबवायचं, आणि रिस्तानाने आपलं म्हणणं सिद्ध करून दाखवायचं. शनिवारी सकाळी तिने सभागृहाच्या अंगणात जाड पोलादी पट्टी मांडली, खोक्यातून डोळे मिटून वीस बोल्ट उचलले आणि पट्टीच्या भोकांत बसवले. मग मोजून ताण देणाऱ्या लांब पान्याने ब्लागोयाने स्वतः ते आवळले, म्हणजे नंतर कुणी कमी-जास्त म्हणायला नको. वर तिने न्हाणीघरातला जुना लोखंडी टब पालथा घातला.

"हे कशाला?"

"बोल्टाचं डोकं उडालं तर तुझ्या डोक्याला लागायला नको म्हणून."

नेमकी त्याच दिवशी सगळ्या बायका अंगणात ढोबळ्या मिरच्या भाजायला जमल्या होत्या. दरवर्षीचाच बेत तो. पिंपांखाली जाळ, धूर, सोललेल्या मिरच्यांचे ढीग, हात कोपरापर्यंत लाल. त्यामुळे टबाला प्रेक्षकांची कमी पडली नाही. येणारा जाणारा टबाला कान लावून बघायचा.

दुपार झाली. काही नाही. संध्याकाळ झाली, तरी काही नाही. "तेता, तुझ्या कोंबडीने अंडं घातलं का गं?" असं पोरी विचारू लागल्या. ब्लागोया तर दर तासाला गंभीर चेहऱ्याने टबासमोर टोपी काढून उभा राहायचा. रिस्ताना मिरच्या सोलत म्हणायची, "उभा राहा, उभा राहा. पाय दुखले की कळेल."

पण आतून ती धास्तावली होती. हे सगळे बोल्ट कदाचित चांगले असतीलही. हायड्रोजन दिसत नाही, मोजायला तिच्याकडे यंत्र नाही, आणि मिस क्रॉफर्ड निवृत्त होऊन ॲडलेडला गेलेल्या. चांगलेच निघाले तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात टबाची गोष्ट निघणार होती.

रविवारी प्रार्थना आटोपून लोक पुन्हा अंगणात आले. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, म्हणून खापरात शिजवलेला पांढरा घेवडा, पाव आणि कालच्याच मिरच्या. डेसही आला होता, खाली मान घालून. ब्लागोया पाव हातात घेऊन उठला आणि भाषण सुरू केलं. "मंडळी, माझ्या बायकोबद्दल मला फार आदर आहे, पण आज चोवीस तास उलटून गेले आणि—"

ठण्ण!

टब असा वाजला की दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग ल्युप्का किंचाळली, "तुटला! तेता, तुटला!" आणि अंगणात एकच गलका उडाला. लोक रिस्तानाच्या गळ्यात पडू लागले, जणू तिला नातू झाला. ती मात्र ओरडत होती, "लांब व्हा! अजून एकोणीस आहेत!"

अर्ध्या तासाने दुसरा गेला. मग लागोपाठ दोन. प्रत्येक ठण्णला पोरं मोठ्याने आकडा म्हणायची. अंधार पडायच्या आत सात बोल्टांची डोकी उडाली. टब उचलून रिस्तानाने एक तुकडा डेसच्या तळहातावर ठेवला. तुटलेली बाजू दाणेदार होती, साखरेच्या खड्यासारखी, आणि बोल्ट कुठेही वाकला नव्हता.

डेसने तो उलटसुलट करून बघितला. "हे छतात असते तर..."

"नाहीयेत ना," रिस्ताना म्हणाली. "घेवडा खा, निवतोय."

ब्लागोया टबावर चढून उभा राहिला. "मंडळी, भाषण अर्धं राहिलं होतं. माझ्या बायकोबद्दल मला फार आदर आहे. संपलं." टाळ्या थांबेनात.

सगळे बोल्ट भंगारात गेले. नवी खेप आली तेव्हा डेसने दुसऱ्या गिऱ्हाइकांना थांबवून भट्टी मोकळी ठेवली. रिस्तानाने तासाभरात बोल्ट आत घातले आणि दुसऱ्या दिवशी काढले. त्यातलेही वीस बोल्ट तिने टबाखाली आठवडाभर ताणून ठेवले. टब गप्प राहिला. मगच क्रेन आली. लग्नाच्या दिवशी सभागृहाला छत होतं, रंग नव्हता, खिडक्यांना काचा नव्हत्या, आणि गोल धरून नाचणाऱ्यांची रांग दारातून बाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. सगळ्यांच्या पुढे ब्लागोया रुमाल फिरवत होता आणि प्रत्येक पाहुण्याला छत दाखवून सांगत होता, "आमच्या घरचं आहे!"

डेसने त्यानंतर नियम केला की रिस्तानाची सही असल्याशिवाय कडक माल दाराबाहेर जायचा नाही. पुढे ही हकीकत जवळच्या वलनगाँग शहरातल्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली आणि दरवर्षी शिकणारी मुलं-मुली शेड बघायला येऊ लागली. रिस्ताना त्यांना मुलामा चढलेले दोन बोल्ट द्यायची, एक भाजलेला, एक न भाजलेला, आणि म्हणायची, "ओळखा."

मुलं वजन करत, भिंगातून बघत, वाजवून बघत. एकदा एका मुलीने दोन्ही बोल्ट परत तिच्या हातात दिले. "नाही ओळखता येत," ती म्हणाली. "भट्टीत कोणता होता, ते भट्टीवाल्यालाच विचारावं लागेल."

"शाब्बास!" रिस्ताना ओरडली, आणि त्या मुलीला तिथेच बसवून घेऊन तिच्यासाठी कॉफी करायला गेली.