पाट्यांचं विमान

विमान उडवणाऱ्याच्या अंगावर इंजिनाचं तेल साठतं आणि पोटात किस्से साठतात. तेल आमच्या घरच्यांनी रिठ्यानं घासून काढलं. किस्से काही निघत नाहीत, कुणी चहा पाजला की मी सुरूच होतो!

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, निजामाच्या राज्यातली गोष्ट. आम्ही तिघं हैदराबादच्या एका फ्लाइंग क्लबात हौसेनं विमान शिकलेलो. सोराबजी घड्याळं विकायचे, मीरसाहेब लोकांचे दात काढायचे आणि मी परभणीला वकिली करतो असं सांगत फिरायचो. खेड्यांतल्या खाजगी मराठी शाळा तेव्हा सरकारी परवानगीवर चालायच्या. तपासणीत सामान कमी दिसलं की परवानगी जायची. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी निघत नाही. म्हणून लोकांनी दान दिलेली पाटी-पुस्तकं रेल्वेनं परभणीला यायची आणि पुढं आमचं दोन सीटांचं विमान. पुढच्या सीटवर सामान, मागं आमच्यापैकी एक. पगार शून्य, घरच्यांच्या शिव्या भरपूर.

*

पहिली खेप वालूरची. आम्ही आधी निरोप धाडला होता, की ज्या माळावर उतरायचं तिथं एक धूर करा, म्हणजे जागाही कळेल आणि वाराही. मीरसाहेब पोचले तर खाली नऊ धूर! बिचारे अर्धा तास घिरट्या घालत राहिले आणि शेवटी अंदाजानं उतरले.

"एकच बोला था ना?" त्यांनी पाटलांना विचारलं.

पाटील शांतपणे म्हणाले, "साहेब, एकाच आळीनं धूर केला असता, तर बाकीच्या आठ आळ्यांनी पोरं शाळेत धाडली नसती."

*

विमानात वजनाला फार जपावं लागतं. परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका अडत्याच्या काट्यावर आम्ही सामान मोजायचो आणि मग स्वतः बसायचो. सोराबजी बसले की पुस्तकांची एक पेटी खाली राहायची. हे त्यांना फार लागायचं. एकदा त्यांनी न्याहारी सोडली, कोट काढला, तरी काटा हलेना. मग बूटही काढून ठेवले आणि पेटी घेऊन उडाले.

खाली उतरल्यावर गावकऱ्यांनी त्यांचे अनवाणी पाय पाहिले. तिथले मास्तर गहिवरून म्हणाले, "बघा, साहेब शाळेत देवळात आल्यासारखे आले." साऱ्या गावानं पायताणं काढली आणि बाभळीच्या काट्यांतून शाळेपर्यंत मिरवणूक निघाली. सोराबजी पुढं. खरं कारण त्यांनी आजतागायत त्या गावाला सांगितलेलं नाही.

*

झरीच्या शाळेला कुणीतरी पृथ्वीचा गोल दिला होता. तो मांडीवर ठेवून मीच नेला. झरीच्या म्हाताऱ्या पाटलांनी विचारलं, "ह्याच्यात आपलं गाव कुठं हाय?"

मी म्हणालो, "दिसणार नाही, फार लहान आहे."

पाटलांचा चेहरा उतरला. मास्तर हुशार. त्यांनी कुंकवाचा करंडा मागवला आणि पाटलांनाच खूण करायला सांगितली. पाटलांनी अंगठा बुडवून असा दाबला, की मुंबईपासून मद्रासपर्यंत सगळं लाल.

लांबून बघून ते म्हणाले, "हां. एवढं तर हायच की."

*

आणि पालम. शिवप्पा मास्तरांनी आपलं दुकान भावावर टाकून महादेवाच्या मंडपात शाळा चालवली होती. त्यांचा निरोप आला, "तपासणीचे साहेब येऊन बसलेत. गोदावरीला पूर हाय. उद्या एकाबी लेकराजवळ पाटी नसली, तर शाळा बंद."

मी तीस पाट्या घेतल्या. वजन वाचवायला त्यांच्या लाकडी चौकटी काढून टाकल्या आणि सकाळी उडालो. शाळेत पोरं तीसच होती. पण विमान बघून आसपासच्या वाड्यांतली पोरं माझ्या मागं धावत आली आणि मी मंडपात शिरलो तशी तीही शिरली, रांगेत बसली. पोरं झाली साठाच्या आसपास. ती मीच ओढून आणली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तपासणीचे साहेब म्हणाले, "जो बैठा है, वो शागिर्द है. हर शागिर्द के पास पाटी होना."

मी मास्तरांच्या कानाशी लागलो, "बाहेरची पोरं उठवा."

मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, चार वर्षं ह्यांच्याच दारोदार फिरायलोय मी. आज आपणहून बसलीत. कशी उठवू?"

त्यांनी एक पाटी उचलली, दगडी पायरीच्या कडेवर ठेवली आणि मोडली. अर्धी एकाला, अर्धी दुसऱ्याला. मग दुसरी पाटी. मग तिसरी.

शेवटी एकच पाटी उरली आणि दोन बहिणी उरल्या. मास्तरांचं बोट कापलं होतं.

साहेबांनी दौत-टाक बाजूला ठेवला. ते उठून पायरीशी आले, मास्तरांच्या हातातली पाटी घेतली आणि स्वतः खाली बसून ती हळूच मोडली. दोन्ही तुकडे एकमेकांशेजारी धरून पाहिले आणि मोठा तुकडा धाकटीला दिला.