घट्ट झाकणाची बाटली

मला राग लवकर येतो आणि जाता जात नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण त्या रविवारचा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मलाही वाटत नाही.

आम्ही सात-आठ जण महिन्यातल्या एका रविवारी बेळगावातून निघतो आणि खानापूरच्या बाजूला डोंगरात भटकतो. कुणी बँकेतले, कुणी शाळेतले, कुणी कचेरीतले. बूट भारीतले, टोप्या भारीतल्या, आणि प्रथमोपचाराच्या नावानं बोंब. एकदा एकाची टाच फाटली, तर दुसऱ्यानं खिशातली निपाणीची तंबाखू काढून तिच्यावर दाबली. वर म्हणतो कसा, "रगात लगीच थांबतंय बघा." मी त्याला सगळ्यांदेखत झाडला. बोलेल तो करेल, या न्यायानं पेटी माझ्याच गळ्यात पडली.

मग मी ती मन लावून भरली. पाणी शिरणार नाही असा प्लॅस्टिकचा डबा घेतला. त्यात जखमेवर ठेवायचं जाळीचं कापड, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, काटा काढायचा चिमटा, हातमोजे, तापाच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं. प्रत्येक पुडीवर माझ्या अक्षरात चिठ्ठी. राहिलं होतं फक्त जखम धुवायचं औषध. त्याची मोठी बाटली कंग्राळीला अण्णाच्या घरी होती. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. दिवसा शहरात नोकरी, सकाळ-संध्याकाळ शेती. त्याची कॉलेजातली लेक त्या रविवारी पहिल्यांदाच आमच्याबरोबर येणार होती. मी फोनवर म्हटलं, "अण्णा, घट्ट झाकणाची बारकी बाटली बघ आणि त्यात औषध काढून पोरीबरोबर पाठव." तो म्हणाला, "व्हय, पाठवतो की."

सकाळी भाचीनं बाटली हातात दिली. पांढरी, जाड, झाकण असं की उलटी धरली तरी थेंब गळू नये. मी खूश. तिच्यावर चिठ्ठी चिकटवली, "जखमेचं औषध", आणि डब्यात ठेवून दिली. उघडून बघितली नाही.

नंदगडच्या पुढं जंगलात एका ओढ्यावर भाची शेवाळावरून घसरली. नडगी दगडावर आपटली आणि चांगली बोटभर फाटली. खरं सांगते, पोर कळवळत होती आणि माझ्या मनात आधी आलं, चला, पेटी कामाला आली. तिला दगडावर बसवलं, हातमोजे घातले, कापड घेतलं, झाकण फिरवलं. औषधाचा वास आला, आणि त्याच्या मागून दुसरा. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. कोबीवर फवारणी झाल्यावर बांधावर उभं राहिलं की नाकात बसतो तोच.

मी लगेच झाकण लावलं, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या मागवून जखम धुतली, कापड दाबून पट्टी बांधली. खाली खानापुरात डॉक्टरनं चार टाके घातले. टाक्यांचं अण्णाला फोनवर कळवलं आणि भाचीला घेऊन तिथून तशीच कंग्राळी गाठली तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

आमच्याकडं औषध खातात, औषध लावतात आणि औषध मारतातही. खोकल्याचं ते औषध आणि अळीचं तेही औषधच. अमक्यानं औषध प्यालं म्हटलं, की त्याला काय आजार होता असं कुणी विचारत नाही. विषाला औषध म्हणणाऱ्या जिभेला मी रस्ताभर शिव्या घातल्या. ती जीभ माझीही होती, म्हणून जास्तच.

"कसल्या बाटलीत भरलास?" मी अंगणातूनच ओरडले.

"शेतातल्या औषधाच्या की. रिकामी हुती." अण्णा गोंधळला. "तीनदा धुतलो की गं. साबन लावून."

"पोरीच्या उघड्या जखमेवर ओतणार होते मी ते!"

"वास मारतोय व्हय अजून?"

वास मारतोय व्हय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटलीबरोबर माहितीचा कागद येतो, त्यात कन्नड, मराठी, हिंदी सगळं असतं, मुंगीएवढ्या अक्षरात. आमच्याकडं भाषेवरून डोकी फुटतात, पण हा कागद कुठल्याच भाषेत कुणी वाचत नाही. मी हे सगळं मोठ्यानं बोलत होते. शेजारीण दारात येऊन उभी राहिली तरी थांबले नाही. आवाज ऐकून वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात तसलीच पांढरी बाटली, आत एरंडेल.

"ही बी तसलीच हाय," ती हळूच म्हणाली. "झाकण घट्ट बसतंय म्हणून ठेवल्याली."

मी तिच्या हातातून बाटली ओढून घेतली. अण्णा तडक गोठ्यामागच्या खोलीत गेला. मला वाटलं, रागावून गेला. तो परत आला तो पाच लिटरचा कॅन घेऊन. पांढरा, जाड, वरचा कागद खरवडून काढलेला. निम्मा भरलेला होता.

"मग ह्येचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"ह्यात काय आहे?"

"पाणी. शेतात न्हेतो, प्यायला."

"कधीपासून?"

त्यानं वहिनीकडं बघितलं. "पोरगी शाळंत जायच्या आधीपास्नं आसंल न्हवं?"

चार टाक्यांसाठी मी गल्ली गोळा केली होती. आता मी कॅन हिसकावला, अंगणात उपडा केला, भिंतीला लावलेला कोयता घेतला आणि त्यावर घाव घालत सुटले, की पुन्हा कुणाला त्यात काही भरताच येऊ नये. जाड प्लॅस्टिक लवकर फाटेना. मी रडत होते आणि त्याला मूर्ख, अडाणी, तोंडाला येईल ते म्हणत होते.

"हळू गं," अण्णा म्हणत होता, "हाताला लागंल तुझ्या."