दौलतचा उजवा डोळा

एकाहत्तरचा पावसाळा सरल्यावर मी आणि लान्स नायक दौलत एकाच वेळी रजेवर आलो. मी पलटणीतला नर्सिंग असिस्टंट, गाव शेलूबाजार. तो एलएमजीवाला, म्हणजे हलकी मशीनगन चालवणारा, गाव कामरगाव. रजा संपायच्या आतच परत हजर होण्याची तार आली. त्याला सोबत घ्यायला गेलो, तर गडी उजवा डोळा मिटून बसलेला.

आईचं जातं गुळगुळीत झालं होतं, म्हणून तो त्याला टाकी लावत होता. छिन्नीचा कण उडाला तो थेट डोळ्यात. आमच्याकडे डोळ्यात कुसळ गेलं की बायका जिभेच्या टोकानं काढतात. आईनंही तसंच करून पाहिलं, पण लोखंड बुबुळात रुतलं होतं.

"डोया गेला त मेडिकल कॅटेगरी उतरते," दौलत म्हणाला. "मंग गन सोडून लंगरात कांदे सोलू काय?"

बोलणं थट्टेचं होतं, पण तो घाबरला होता. मीही.

कारंज्याच्या डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात, भर उजेडात खुर्चीवर बसवलं. बधिर करणारे थेंब टाकले. डोकं मी धरलं.

"डोळा हलला तर सुई आत जाईल."

"हालनार नाही. त्या देवळाच्या झेंड्यावर टार्गेट धरतो."

डॉक्टरांच्या भिंगातून मी पाहिलं. बुबुळावरचा काचेसारखा स्वच्छ पडदा, त्यात खसखशीहून बारीक काळा ठिपका, भोवती गंजाचं कडं. आणि त्याच पडद्यात अख्खं आभाळ उतरलेलं. किती जखमा बांधल्या असतील मी, पण असा थक्क कधी झालो नव्हतो. सुई टेकली. कण निघाला, गंज खरवडला गेला, तरी दौलतची नजर झेंड्यावरून ढळली नाही. सुटकेचा श्वास आधी डॉक्टरांनीच सोडला.

पलटणीत परतल्यावर पलटणीच्या डॉक्टरांनी, एमओ साहेबांनी, त्याचे डोळे तपासले आणि फिट ठरवलं. दौलतनं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. आमची कंपनी एका बांधापाशी अडकली. वायरलेसवर आवाज आला, "जखमी मागे पाठवतोय. एलएमजी कव्हर देतेय. ओव्हर."

दौलतच्या गोळीबाराच्या त्या कव्हरखालून जखमी येत राहिले. मी पट्ट्या बांधत राहिलो. दौलत आला नाही.

लढाई संपल्यावर कामरगावला गेलो. त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

"जात्याले टाकी लावाले मीच सांगतलं व्हतं," ती म्हणाली. "त्या डोयानं घात केला काय रे बावा? दिसलं नसन काय त्याले?"



"नाही, मावशी. साऱ्या कंपनीत त्याच्याएवढं साफ कोनालेच दिसत नव्हतं."