अनंताचा खजूर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि माणूस मी कसा, तर ऑफिसात कोणी डब्यात काय आणलं होतं तेही घरी येऊन सांगणारा. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मग ही एक गोष्ट पाच वर्षं आत कशी राहिली? राहिली खरी. तुम्ही बसलाच आहात, तर आज सांगतो — म्हणजे सांगायचा प्रयत्न करतो, कारण मध्येच मी भलतीकडे वळेन, मला माहीत आहे.

पहिल्यांदा शाळेचं. शाळेचं बोलायला लागलो की आजही मला थांबवत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठाला आमचं गाव, आणि गावात एकच मराठी हायस्कूल. मोहल्ल्यातली पोरं तिथेच, वाडीतली पोरंही तिथेच. दोन वर्गांमधली भिंत वरपर्यंत पोचतच नव्हती, त्यामुळे गणिताच्या तासाला आम्ही शेजारचा इतिहास शिकलो. मुलींसाठी संडास नव्हता. दुपारी त्या घरी जायच्या आणि निम्म्या परत यायच्या नाहीत, आणि याचं कोणाला काही वाटत नसे. मी आणि अनंत पाचवीपासून एका बाकावर. बाकाचा एक पाय आखूड होता. सातवीत अनंताने घरून पटाशी आणून तो नीट केला. हा सुतार होणार हे तेव्हाच कळलं होतं. मी काय होणार ते कळत नव्हतं — बोलका होतो, एवढंच.

दोघेही कतारला आलो. मी अल सद्दला एका कंत्राटदार कंपनीच्या ऑफिसात, नकाशांच्या फायली सांभाळायला. बायको आणि मुलगा माझ्याजवळ. अनंत मुऐदरला, व्हिलांचे दरवाजे बसवायला. एका खोलीत आठ जण, बायको आणि पोर गावाला. आमच्या गावची अशी बेचाळीस माणसं इथे, आणि त्यांचं एक मंडळ. अध्यक्ष हमीदचाचा, सगळ्यांत जुने. मंडळाची बैठक त्यांच्या अल नस्रच्या फ्लॅटमध्ये, जुम्म्याच्या नमाजानंतर, जेवणासकट.

तर मंडळासमोर प्रस्ताव आला: शाळेची नवी इमारत बांधायची. आठ खोल्या, मुलींचे संडास, पाण्याची टाकी. तालुक्याच्या पतसंस्थेने कर्ज द्यायचं आणि मंडळाने तीन वर्षांत फेडायचं, प्रत्येकाचा वाटा सारखा. बेचाळिसांपैकी अठ्ठावीस जणांनी हो म्हटलं तर पास. आणि पास झालं की सगळे बांधलेले, हो म्हणणारे आणि नाही म्हणणारेही. कायमचा गावी गेलेल्याला तो हप्ता झेपणं शक्यच नव्हतं. म्हणजे तीन वर्षं इथून हलायचं नाही, एवढा साधा अर्थ.

काय दिवस होते ते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग — माझ्या तर दोन्ही गुडघ्यांना होतं. ऑफिसातल्या केरळच्या ड्राफ्ट्समनच्या मागे लागून मी इमारतीचं रंगीत चित्र करून घेतलं. पिवळ्या भिंती, रुंद खिडक्या, अंगणात झेंडा. ते चित्र फोनमध्ये घालून मी मेट्रोत दाखवलं, किराणाच्या दुकानात दाखवलं, टॅक्सीवाल्या पठाणालाही दाखवलं. माझा मुलगा म्हणाला, ‘अब्बा, इट्स जस्ट अ बिल्डिंग.’ त्याची शाळा एसीची, त्याला काय कळणार? रोज रात्री झोपेतून उठून अर्धा तास मी मोजायचो, कोण हो म्हणेल, कोण कां-कूं करेल. मी इतका खूश त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही नाही.

आता आमच्या मतदानाची पद्धत सांगायला हवी. कागदावर सह्या घेतल्या की पुढे सह्यांवरून भांडणं होतात, असं हमीदचाचांचं मत. म्हणून खजूर. ताट फिरायचं, प्रत्येकाने एक खजूर उचलायचा, खायचा आणि बी दोनपैकी एका वाटीत टाकायची. स्टीलची वाटी म्हणजे हो, निळी म्हणजे नाही. सगळ्यांसमोर. जो ड्युटीवर असेल त्याने विश्वासाच्या माणसाकडून शब्द पाठवायचा, आणि त्या माणसाने त्याच्या नावाने दुसरा खजूर खायचा. चाचा म्हणायचे, खजूर तोंडात असताना माणूस खोटं बोलत नाय.

त्या जुम्म्याला अनंत ड्युटीवर होता. व्हिलाच्या मालकाकडे लग्न होतं, दरवाजे त्याआधी हवे होते. म्हणून बुधवारी संध्याकाळी मी मुऐदरला गेलो, त्याचा शब्द घ्यायला.

त्याने हात पुसले आणि चित्र बराच वेळ पाहिलं. बोटांनी मोठं करून खिडकी पाहिली. चौकटी सागाच्या करणार की कसल्या, विचारलं. मला वाटलं, झालं काम. मग तो म्हणाला, ‘चांगली आहे रे. पण माझा नाय सांग. पोर आठवीत गेली. आता नाय गेलो तर कधी जाऊ?’

मी म्हटलं, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे.

‘तिला पण तीनच वर्सां उरलीत शाळेची,’ तो म्हणाला.

त्याने मला खोलीत नेऊन बाजेखालचं खोकं दाखवलं. नवीन रंधा मशीन, गावी नेऊन स्वतःचा कारखाना टाकायला घेतलेलं. कंपनीला सांगून झालं होतं, फक्त तिकीट काढायचं राहिलं होतं. निघताना त्याने पुन्हा विचारलं, ‘सांगशील ना?’ मी म्हटलं, तुझा शब्द जसाच्या तसा पोचवतो.

पाहा, इथे मला थांबावंसं वाटतं. हमीदचाचांकडच्या रश्श्याचं सांगावंसं वाटतं, तांदळाच्या भाकऱ्यांचं सांगावंसं वाटतं. पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार?

ताट मीच फिरवत होतो, म्हणून माझी पाळी शेवटी आली. लोक बोलत होते, हसत होते. मी वाटीत डोकावून बिया मोजत होतो. स्टीलच्या वाटीत सव्वीस. निळीत चौदा. माझी टाकली, सत्तावीस. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण तोवर त्यांनीही मोजलं होतं. चाचांनी विचारलं, ‘अनंताचा काय?’

मी दुसरा खजूर तोंडात टाकला.

क्षणात झालं, असं म्हणायला किती बरं वाटेल. पण खजूर चावायला वेळ लागतो. तो मऊही नव्हता. मी चावत होतो आणि मला सगळं आठवत होतं — पोर आठवीत, बाजेखालचं खोकं, ‘सांगशील ना’. विसरलो नव्हतो, ऐकण्यात चूक नव्हती. आणि त्याच वेळी पिवळ्या भिंती दिसत होत्या, आणि शाळा उभी राहिली की लोक म्हणतील, रफीकने केलं, हेही दिसत होतं. मुलींच्या संडासांसाठी केलं असं सांगू का? त्या घटकेला मुली माझ्या मनात नव्हत्या. मला जिंकायचं होतं.

‘अनंताचा हो,’ मी म्हणालो आणि बी स्टीलच्या वाटीत टाकली.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू. चाचांनी मला मिठी मारली, कोणीतरी ‘यल्ला, खलास, झाली शाळा’ म्हणत वाटी डोक्यावर घेऊन नाचला, मी स्वयंपाकघरात पळी घेऊन नाचलो. खरं नाचलो, खोटा आनंद नव्हता तो. गावाला फोन गेले. एका बीने पास झालं ही बातमी तिकडे आमच्याआधी पोचली म्हणायला हरकत नाही, आणि ती बी कोणाची हेही. ‘अनंताच्या खजुराने शाळा झाली’ — असं लोक म्हणायला लागले. आजही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी अनंताचा फोन आला. सकाळपासून लोक त्याचं अभिनंदन करत होते. त्याने रागावून नाही विचारलं. एवढंच म्हणाला, ‘रफीक, मी नाय म्हणालेलो ना?’

तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं. बैठक परत बोलावता आली असती, माझं नाक कापलं गेलं असतं आणि तो विमानात बसला असता. मी काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, ‘अरे, तूच तर म्हणालास चांगली आहे. चौकटींचं विचारलंस. आधी नाही म्हणालास, मग निघताना म्हणालास, जाऊ दे, हो सांग. आठवत नाही?’

तो म्हणाला, ‘म्हणालो असेन रे. ड्युटीवर डोकं ठिकाणावर नसतं.’

स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याचा माझ्यावर जास्त विश्वास होता. खजूर मी घाईत खाल्ला म्हणा हवं तर, पण हे वाक्य मी रात्रभर तयार करून ठेवलं होतं.

तीन वर्षं. मी महिन्यातून एकदा मुऐदरला जायचो आणि त्याच्या बाजेवर बसायचो. टाचांना ते खोकं लागायचं. त्याची सायली आठवीतून नववीत गेली, नववीतून दहावीत. आधी ती रोज फोनवर बोलायची, मग जुम्म्याला, मग ‘अभ्यास आहे’ म्हणायची. माझा मुलगा रोज दुपारी शाळेतून येऊन माझ्या ताटातली मासळी पळवत होता. दहावीचा शेवटचा पेपर सायलीने दिला तेव्हा नव्या इमारतीला नुसता गिलावा झाला होता. ती त्या इमारतीत एक दिवसही बसली नाही. माझा मुलगा तर बसणारच नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली आणि त्याच महिन्यात अनंत कायमचा घरी गेला. मी रजा काढून गेलो — मी नाही जाणार तर कोण? आणि इमारत, काय सांगू तुम्हाला, चित्रापेक्षा सुंदर झालीय. खिडक्यांतून वारा येतो, मुली दुपारनंतरही वर्गात असतात. पाहिली की आजही मला नाचावंसं वाटतं. हेच मला माझं कळत नाही.

हमीदचाचांनी भाषणात खजुराची गोष्ट सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, अनंताने उभं राहून हात जोडले. खाली बसल्यावर शेजारून सायली त्याला म्हणाली, हळूच, पण मी पलीकडेच होतो — ‘बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तर घरी आला असतात?’

अनंताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो म्हणाला, ‘व्हय गो. पण मीच हो म्हणालो.’

तिने मान वळवली. बाप तिचाच होता, पण ती आपली खुर्ची त्याच्यापासून थोडी सरकवून बसली. तेवढ्यात फोटोसाठी माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो, स्टेजवर गेलो आणि हसलो. तो फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत लावलेला आहे.

सायली अजून त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तिला वाटतं, बापाने आपल्यापेक्षा भिंती निवडल्या. त्यालाही तसंच वाटतं. फक्त मला माहीत आहे, तो नाही म्हणाला होता.